फरशीवरचा रोबो आणि पडद्यावरचा शत्रू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षांच्या मुलीसाठी एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे खऱ्या जगात आभासी गोष्टी मिसळणं) खेळणारा रोबो घ्यायचा आहे. म्हणजे रोबो खऱ्या फरशीवर पळणार आणि त्याचे शत्रू, नाणी, स्फोट मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या पडद्यावर दिसणार. जाहिरातीत सगळेच झकास दिसतात, पण ज्यांनी घेतले त्यांचे रोबो दोन आठवड्यांत कपाटावर गेले, आणि बनवणाऱ्या काही कंपन्याही बंद पडल्या. असं का होतं, घेताना काय बघावं, आणि तुम्हाला स्वतःला प्रोग्रामिंग येतं तर घरी काही करता येईल का?

मी बरीच वर्षं अशा खेळण्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यातही रोबोची जागा ओळखण्याच्या भागावर. त्यामुळे उत्तर त्या बाजूला झुकलेलं असेल, पण झुकायची बाजू तीच आहे असं मला वाटतं. रोबो या क्षणी नेमका कुठे आहे हे खेळाला कसं कळतं, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं: खोली केवढी लागेल, उजेड किती लागेल, खेळ कुठल्या प्रकारचा होईल आणि मूल कधी कंटाळेल. देखणी चित्रं काढणं हा आता यातला सोपा भाग आहे.

कल्पना तशी जुनी. निन्टेन्डोने १९८५ मध्ये 'रॉब' नावाचा रोबो काढला होता. तो टीव्हीसमोर बसायचा, पडद्याच्या लुकलुकण्यातून डोळ्यातल्या सेन्सरने आज्ञा वाचायचा आणि हातांनी भोवरे उचलून ठेवायचा. भोवऱ्याच्या वजनाने दुसऱ्या कंट्रोलरचं बटण दाबलं जायचं आणि पडद्यावरचा खांब वरखाली व्हायचा. अफलातून यंत्र होतं, पण ते बटण आपण हातानेही दाबू शकतो हे मुलांच्या लगेच लक्षात आलं. रोबो दोन हातांच्या कामाला जितका वेळ लावायचा तितक्यात हाताने पाच वेळा बटण दाबून व्हायचं. रॉबसाठी शेवटपर्यंत दोनच खेळ निघाले. या सगळ्या जातीच्या खेळण्यांचं दुखणं त्या पहिल्याच नमुन्यात दिसतं, त्याकडे पुढे येतो.

आधी जागेची गोष्ट. ढोबळमानाने तीन मार्ग आहेत.

पहिल्यात रोबो स्वतःच पोटाखालची जमीन वाचतो. २०१३ मध्ये आलेल्या 'अँकी ड्राइव्ह'च्या मोटारींचा ट्रॅक वरून साधा काळा दिसायचा, पण त्यावर अवरक्त प्रकाशात वाचता येतील अशा खुणा छापलेल्या होत्या. मोटारीच्या पोटाशी छोटा कॅमेरा, आणि कंपनीच्या सांगण्यानुसार तो सेकंदाला ५०० वेळा आपली जागा तपासायचा. सोनीचे 'टोइओ' हे इवलेसे चौकोनी रोबो (जपानमध्ये २०१९) याच जातकुळीचे. त्यांच्या चटईवर डोळ्यांना न दिसणारी नक्षी छापलेली असते, आणि आपण चटईवर कुठे आहोत, तोंड कुठल्या दिशेला आहे हे त्यांना तत्काळ कळतं. हा मार्ग सगळ्यांत भरवशाचा. दिवे घालवा, मध्ये उभे राहा, मोबाइल खिशात टाका, काही फरक पडत नाही. फक्त चटईबाहेर पाऊल पडलं की रोबो आंधळा होतो.

याला एआर म्हणायचं का, असं विचारणारे भेटतात, कारण इथे खऱ्या दृश्यावर काही चिकटवलेलं नसतं. मला त्या वादात रस नाही. एका मोटारीने दुसरीवर नसलेली गोळी झाडली आणि समोरची खरोखर मंदावली, एवढं मला पुरतं.

दुसऱ्या मार्गात मोबाइलचा कॅमेरा रोबोकडे बघतो. 'स्फिरो' हा मोबाइलवरून चालवायचा चेंडू २०११ च्या अखेरीस बाजारात आला आणि त्यावर 'शार्की द बीव्हर' नावाचा एआर खेळ निघाला. मोबाइलमधून पाहिलं की चेंडूच्या जागी एक बीव्हर (चपट्या शेपटीचा, पाण्यात राहणारा प्राणी) हिंडताना दिसायचा. युक्ती सुरेख होती. चेंडू आतून उजळतो, म्हणून चित्रात सापडायला सोपा. त्याचं खरं माप ठाऊक असतं, म्हणून तो केवढा दिसतो यावरून अंतर काढता येतं. आणि तो कुठूनही गोलच दिसतो, छापील खुणेसारखी पाठ फिरवत नाही. पण गोल वस्तूला तोंडही नसतं. ती कुठल्या दिशेला चालली आहे हे चित्रातून कळत नाही, ते आतल्या जायरोस्कोपवरून, म्हणजे वळणं मोजणाऱ्या सेन्सरवरून, घ्यावं लागतं, आणि जायरोस्कोप वेळ जाईल तसा भरकटतो. म्हणून खेळाआधी चेंडूतला निळा शेपटीचा दिवा आपल्याकडे वळवून दिशा जुळवून घ्यायची असते. भिंतीवर दोनचार वेळा आपटला की पुन्हा जुळवा. मोठी माणसं हे करतात. मुलं तिसऱ्यांदा करत नाहीत.

या मार्गाचं घोडं खरं तर हातांपाशी पेंड खातं. मोबाइल दोन्ही हातांनी समोर धरायचा, अंगठ्यांनी रोबो चालवायचा, आणि तो चौकटीतून निसटू नये म्हणून आपणही त्याच्यामागे वळत राहायचं. थोड्याच वेळात दंड भरून येतात. रोबो तीन मीटरवर गेला की चित्रात नखाएवढा होतो आणि ओळख डळमळायला लागते. त्यात आणखी एक विसंगती आहे, जी मला आजही गमतीची वाटते. ज्या चेंडूसाठी पैसे मोजले त्यालाच एआर पूर्ण झाकून टाकतं. पडद्यावर बीव्हर दिसतो, चेंडू दिसतच नाही. मग चेंडू कशाला घेतला?

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण प्रोग्रामर मंडळी हमखास त्यात अडकतात. २०१७ मध्ये ॲपलचं एआरकिट आणि पुढच्या वर्षी गूगलचं एआरकोर ही मोबाइलवर एआर ॲप बनवायची साधनं बाजारात आली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, चला, प्रश्न मिटला. पण ही साधनं मोबाइल खोलीत कुठे आहे ते सांगतात. रोबो कुठे आहे ते नाही. उलट त्यांचं गणित स्थिर गोष्टींच्या आधारावर चालतं, त्यामुळे इकडून तिकडे पळणारा रोबो त्यांच्या लेखी बाजूला काढून टाकायचा कचरा असतो. मोबाइलची जागा फुकट मिळाली, रोबोची तुम्हालाच शोधायची आहे.

तिसरा मार्ग म्हणजे कॅमेराच रोबोवर बसवायचा. पॅरट या फ्रेंच कंपनीने २०१० मध्ये आणलेला 'एआर.ड्रोन' हा याचा पहिला गाजलेला नमुना. समोरचा कॅमेरा आयफोनवर दृश्य पाठवायचा. पोटाखाली दुसरा, अगदी कमी रिझोल्यूशनचा पण सेकंदाला ६० फ्रेम घेणारा कॅमेरा होता, तो जमिनीचं चित्र किती सरकलं यावरून वेग मोजायचा. दोन ड्रोन एकमेकांना अंगावरच्या रंगीत खुणांवरून ओळखायचे आणि आभासी गोळ्या झाडायचे. बॅटरी एका दमात साधारण १२ मिनिटं. मजा अशी की खेळ मागे पडले आणि तोच ड्रोन कितीतरी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत संशोधनाचं साधन म्हणून नांदला. हवेत एका जागी स्थिर राहणारा, बाहेरून प्रोग्राम करता येणारा आणि तरीही खेळण्याच्या किमतीत मिळणारा ड्रोन तेव्हा दुसरा नव्हताच.

याच मार्गावर सगळ्यांत विचारपूर्वक केलेलं खेळणं माझ्या मते 'मारिओ कार्ट लाइव्ह: होम सर्किट'. ऑक्टोबर २०२० मध्ये आलं, निन्टेन्डोबरोबर व्हेलन स्टुडिओजने केलं. छोटी खरी गाडी, तिच्यावर कॅमेरा, आणि खोलीत मांडायला पुठ्ठ्याच्या चार कमानी. पहिल्या फेरीत आपण गाडी त्या कमानींतून एकेक करून नेतो. जिथून नेली तो झाला ट्रॅक. मग निन्टेन्डोच्या 'स्विच' या कन्सोलच्या पडद्यावर त्याच फरशीवर प्रतिस्पर्धी, केळ्याची सालं, बक्षिसाचे डबे दिसायला लागतात.

यात दोन गोष्टी नीट बघण्यासारख्या आहेत. पहिली, सबंध खोली समजून घेण्याचा हट्टच धरलेला नाही. कमानींवर ठळक खुणा आहेत, त्या दिसल्या की हिशेब ताळ्यावर येतो. मधल्या पट्ट्यात थोडंफार इकडे तिकडे झालं तरी पुढची कमान ते भरून काढते. शर्यतीत आपण तसेही पुढच्या वळणाकडेच बघत असतो, त्यामुळे खेळाची गरज आणि कॅमेऱ्याची गरज एकच होऊन बसते. दुसरी गोष्ट याहून मोलाची. पडद्यावर प्रतिस्पर्ध्याने फेकलेलं लाल कवच येऊन आदळलं की फरशीवरची गाडी खरोखर थांबते. मशरूम खाल्लं की खरोखर सुसाटते. बाजूला बसलेल्या, पडदा न दिसणाऱ्या माणसालाही कळतं की काहीतरी झालं. गाडीच्या मोटारीला वीज कमीजास्त द्यायची, एवढंच ते काम, पण त्याने दोन जगं एकमेकांना शिवली जातात.

उणिवाही आहेत. खेळाला फर्निचर कळत नाही. आभासी प्रतिस्पर्धी तुम्ही आखलेल्या रेषेवर धावतात, मध्ये खुर्चीचा पाय आला तर त्याच्यावरूनच रंगवले जातात, आणि आपली गाडी मात्र त्या पायाला धडकते. प्रत्येक खेळाडूला वेगळी गाडी आणि वेगळा कन्सोल लागतो. व्हेलननेच २०२३ मध्ये याच पद्धतीने 'हॉट व्हील्स: रिफ्ट रॅली' काढलं, तेही कमानींवरच बेतलेलं.

आता विलंब, म्हणजे लॅग. कॅमेऱ्यावर फ्रेम उमटायची, दाबून लहान व्हायची, वाय-फायवरून जायची, उलगडायची, तिच्यात खूण शोधायची, चित्र रंगवायचं, पडद्यावर आणायचं. मग तुमचा अंगठा हलणार आणि आज्ञा उलट प्रवास करणार. रोबो सेकंदाला एक मीटर पळतोय आणि जाण्यायेण्यात १५० मिलीसेकंद गेले असं धरा. तुम्हाला भिंत दिसून तुम्ही ब्रेक लावेपर्यंत तो १५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. हे तुमच्या प्रतिक्रियेच्या वेळेखेरीज. म्हणून चांगल्या खेळांत सुरुवातीचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि जास्तीचा वेग बक्षीस म्हणून हळूहळू उघडतो. जाहिरातीत मात्र पहिल्याच मिनिटाला सुसाट गाडी दाखवतात.

उजेडाचं त्याहून वाईट. संध्याकाळी एकच दिवा लावून खेळ सुरू केला की कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ उघडा राहतो. तो १/३० सेकंद उघडा राहिला तर तेवढ्यात सेकंदाला एक मीटरच्या वेगाने रोबो तीन सेंटिमीटरहून जास्त सरकतो, म्हणजे जवळच्या खुणेच्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून जातात. खूण ओळखू येत नाही, आभासी शत्रू क्षणभर नाहीसा होतो आणि अर्धा हात बाजूला पुन्हा उगवतो. मुलाला वाटतं खेळ चीटिंग करतोय. दुकानात भरपूर दिवे असतात, तिथे हे कधीच दिसत नाही. चकचकीत फरशी हा दुसरा शत्रू: तिच्यात कमानीचं प्रतिबिंब पडतं, खिडकीचा चकाकता पट्टा पडतो. गालिच्यावर प्रतिबिंबाचा त्रास नाही, पण तिथे चाकं घसरतात, आणि चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर मोजणारा रोबो स्वतःविषयीच चुकीचं बोलायला लागतो.

हे सगळं तंत्राचं झालं, पण कपाटावर जायचं कारण बहुधा तंत्रात नसतंच. ते रॉबच्या बटणात आहे. रोबो काढून घेतला आणि तोच खेळ नुसत्या पडद्यावर तितकाच, किंवा जास्त मजेचा झाला, तर मूल आज ना उद्या रोबो चार्ज करायचं सोडून देणार. नव्याचे नऊ दिवस संपले की चार्जिंग, जुळवाजुळव, खोली मोकळी करणं हा सगळा नुसता उपद्रव उरतो. उलट, खोलीची रचना बदलली की खेळ बदलतो, उशी आडवी टाकून भावाची गाडी अडवता येते, असं असेल तर तो टिकतो. यात पडद्याचं श्रेय कमीच. उशीचं जास्त.

कंपन्या का बुडतात त्याचं उत्तर थोडक्यात देतो. खेळणं सुट्ट्यांच्या हंगामात विकलं जातं, पैसा एकदाच येतो. पण ॲप, नवे मोबाइल, नव्या ऑपरेटिंग सिस्टिम आणि नव्या पातळ्या यांचा खर्च बारा महिने चालू राहतो. गिअर आणि मोटारींचे सुटे भाग, परत आलेले नग, हे वेगळंच. अँकी २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्या 'कॉझ्मो' आणि 'व्हेक्टर' या रोबोंचा चाहतावर्ग चांगला मोठा होता. ब्रिस्टलची रीच रोबोटिक्स, जिचा 'मेकामॉन' हा चार पायांचा एआर लढवय्या ॲपलच्या दुकानांत विकला गेला, तीही त्याच वर्षी मिटली. मेकामॉनची चाल बघत राहावी अशी होती, खरोखर एखाद्या जिवंत प्राण्यासारखी. पण जो पाय इतका सुंदर हलतो तो बनवायला महाग आणि मोडायला सोपा.

घेणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा: रोबोचा मेंदू कुठे आहे ते विचारा. कॉझ्मोचा बराचसा विचार मोबाइलमधल्या ॲपमध्ये चालायचा, त्यामुळे ॲप गेलं की शरीर उरतं. व्हेक्टरचा विचार बराचसा त्याच्या आतच चालायचा, पण बोललेलं समजायला त्याला सर्व्हर लागायचा. कन्सोलवर चालणारा, इंटरनेट तोडूनही खेळता येणारा रोबो या हिशेबात सगळ्यांत दीर्घायुषी. रोबोवर कॅमेरा असेल तर घराचं चित्रण घराबाहेर जातं का, हेही याच परीक्षेत कळतं: नेट बंद करून खेळ चालला तर निदान खेळासाठी ते बाहेर जायची गरज नाही.

प्रत्यक्ष हाताळायला मिळाला तर मी या गोष्टी करून बघतो. खेळ चालू असताना रोबो अलगद उचलायचा. चांगला खेळ लगेच ओळखतो आणि थांबतो. वाईट खेळात पडद्यावरचा पात्ररूपी रोबो हवेतसुद्धा पळत राहतो. कॅमेऱ्यासमोर दोन सेकंद हात धरायचा आणि काढल्यावर आभासी वस्तू जुन्या जागी येतात का ते बघायचं. दिवे कमी करायचे. आणि पडद्याकडे पाठ करून नुसत्या फरशीकडे बघायचं: खेळात काय चाललंय याचा काही पत्ता लागतो का? लागत नसेल तर रोबो शोभेचा आहे. बॅटरी बदलता येते का हेही विचारा, कारण लिथियमची बॅटरी दोनतीन वर्षं कपाटात शून्यावर पडून राहिली की बहुतेक वेळा पुन्हा उठत नाही. जुना रोबो विकत घेताना तर हे आधी.

चष्म्यांविषयीही तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. हेडसेटमधून रंगीत खोली दिसायला लागल्यापासून हात मोकळे होतात, हा मोठा फायदा. पण मेटा कंपनीच्या 'क्वेस्ट' या हेडसेटवर बाहेरच्या प्रोग्रामरना कॅमेऱ्याचं थेट चित्र मिळायला २०२५ उजाडलं, त्यामुळे रोबोचा माग काढणारे खेळ तिथे फार कमी आहेत. बारा वर्षांच्या मुलीला क्वेस्ट पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यावर चालतो. तरी घ्यायला मी अजून थांबेन.

तुमच्यासाठी मात्र माझी शिफारस घरी करण्याचीच आहे, आणि तीही वरच्या तिन्ही मार्गांपेक्षा सोप्या चौथ्या मार्गाने: कॅमेरा उंच जागी पक्का बसवा. कपाटावरून खाली बघणारा वेबकॅम चालतो. फरशीच्या चार कोपऱ्यांवर छापील खुणा चिकटवा. कॅमेरा हलणार नसल्यामुळे चित्रातला बिंदू म्हणजे फरशीवरचा कुठला बिंदू, हे गणित एकदाच मांडावं लागतं. रोबोच्या डोक्यावर एक खूण. ओपनसीव्ही या चित्रं वाचणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अरुको नावाच्या काळ्यापांढऱ्या चौकोनी खुणा ओळखायची सोय आहे; मिशिगन विद्यापीठातून आलेला एप्रिलटॅग हा तसाच खुणांचा प्रकारही उत्तम. अशा खुणेला वरखाली असतं, त्यामुळे जागेबरोबर दिशाही मिळते आणि जायरोस्कोपची कटकट जाते. एकच पथ्य: खूण रोबोच्या उंचीवर असते, फरशीवर नाही, म्हणून चित्राच्या कडेला ती थोडी बाहेर सरकलेली भासते. रोबो बुटका ठेवा.

खूण केवढी हवी, तेही काढता येतं. १९२० पिक्सेल रुंद चित्रात तीन मीटर फरशी बसवली तर एका पिक्सेलला साधारण दीड मिलीमीटर पडतो. अरुकोच्या ४×४ संचातली खूण काळ्या काठासकट एका बाजूला सहा घरांची. एका घराला किमान पाच पिक्सेल धरले तर तीस पिक्सेल, म्हणजे पावणेपाच सेंटिमीटर. रोबो हलणार आहे, तेव्हा आठ सेंटिमीटरची छापा, मॅट कागदावर, आणि भोवती पांढरा काठ सोडा. तो पांढरा काठ कापून टाकला की ओळख कोलमडते, आणि तो कापायचा मोह सगळ्यांनाच होतो.

रोबो म्हणून दोन मोटारी आणि वाय-फाय असलेला ईएसपी३२ या स्वस्त चिपचा बोर्ड पुरे. पहिला खेळ चिखलाचा करा. टीव्हीवर कॅमेऱ्याचं चित्र, त्यावर दोनचार चिखलाचे डाग. रोबो डागात शिरला की मोटारींना चाळीस टक्केच वेग द्यायचा, बाहेर आला की पूर्ण. शत्रू, गुण, आवाज काही नको. एवढ्यावरच मुलगी डाग कुठे हवेत ते सांगायला लागते की नाही बघा. सांगायला लागली तर मग डाग हलते करा, दुसरा रोबो आणा.

त्याआधी विलंब मोजून घ्या. रोबो आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत येतील असा दुसरा मोबाइल धरा आणि २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. खरा रोबो हलल्यापासून टीव्हीवरचा हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. एक फ्रेम म्हणजे चार मिलीसेकंदांहून किंचित जास्त. पंचवीस फ्रेमच्या आत असेल तर ठीक. त्याच्या वर असेल तर आधी टीव्ही गेम मोडवर टाका, कित्येकदा अर्धा विलंब तिथेच असतो. मग कॅमेऱ्याचा बफर, म्हणजे रांगेत साठवलेल्या फ्रेम, एका फ्रेमवर आणा, आणि त्यानेही भागलं नाही तरच रिझोल्यूशनला हात लावा. ते कमी केलंत तर खुणेच्या मापाचं वरचं गणित पुन्हा करावं लागेल.